लाल दिव्याखालचं नाणं

रस्त्याच्या मधोमध एक चप्पल. उजव्या पायाची, अंगठ्याजवळ झिजलेली, टोक घराच्या दिशेला. तिची मालकीण तिच्याशिवाय बावीस पावलं पुढे निघून गेली होती. फळवाल्याने "अहो बाई, चप्पल राहिली!" अशी हाक मारली, तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. एक पाय चपलेत, एक धुळीत. मागून कुणीतरी ती उचलून आणून दिली.

~

फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवलेलं एक नाणं. चलनातून कधीच गेलेलं. ते कधी काही विकत घ्यायला वापरलं नाही. डबी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते.

~

भिंतीवर चिकटवलेला वहीचा कागद:

एक हात अंतर. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात.
फक्त गुडघे.
पाच मिनिटांपासून सुरुवात, मग दहा. घड्याळ लावून. जास्त नाही.
एक दिवसाआड.
दोघांनीही चष्मा.
जिथे गरम लागलेलं कळत नाही तिथे नाही, नाही, नाही.
नवीन गोळी सुरू झाली तर आधी मला फोन.

तिसऱ्या 'नाही'खाली इतकी जोरात रेघ ओढली आहे की कागद फाटला आहे.

~

खिळ्याला टांगलेले दोन काळे चष्मे. काचांवरचा पारदर्शक पापुद्रा अजून तसाच.

~

"एक आणि, दोन आणि, तीन आणि." घड्याळ नसताना सेकंद मोजायची रीत. 'आणि' गिळला की सेकंद लहान होतो आणि फोटो फिका येतो.

~

कुरुपावर लावायची गोल कापडी पट्टी. जाड, नाण्याएवढी. करंगळीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, चपलेचा पट्टा घासतो तिथे.

~

पाच मिनिटं

स्टुडिओ बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांना सगळे फोटोमास्तरच म्हणत. बायको एरवी 'अहो' म्हणायची, पण रागावली की तीही 'मास्तर' म्हणे. घराच्या मागच्या खोलीत त्यांची डार्करूम अजून होती. सिंक, तीन तबकं, झाकून ठेवलेला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर, आणि सिंकच्या वर लाल दिवा. आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी त्या दिव्याखाली काढली. पांढरा उजेड दाराच्या फटीतून शिरला की कागदांचा अख्खा डबा वाया. लाल दिव्याखाली मात्र कागद उघडा ठेवा, हातात घ्या, उलटसुलट करा, त्याला काही होत नाही. शिकायला येणाऱ्यांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "लाल म्हणजे घरातला माणूस. त्याला घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते नाण्याची गोष्ट सांगत. पण पहिला धडा डोक्यात जसा घर करतो तसा दुसरा करत नाही. शिकणाऱ्याच्याही आणि शिकवणाऱ्याच्याही.

मुलगी दुसऱ्या शहरात एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस होती. सुट्टीत आली ती एक पेटी घेऊन. ताटाएवढी, चपटी, समोरच्या बाजूला लाल ठिपक्यांच्या ओळी. बटण दाबलं आणि मागची खोली लाल झाली. मास्तर दारात उभे होते. नऊ वर्षांनी ती खोली तशी दिसत होती.

"आईच्या गुडघ्यांसाठी," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे रोज लावतो. पण नियमाने. बाबा, हसू नका."

"मी कुठे हसतोय? मला लाल दिवा शिकवतेस म्हणून जरा बरं वाटलं."

"हा तुमचा दिवा नाही. तो नुसता मिणमिणतो. हा आत शिरतो." तिने कागद वाचून दाखवला, भिंतीला चिकटवला, आणि मग आईकडे वळली. "आई, साखरेने पावलं बधिर होतात कधी कधी. तुला गरम-गार कळतं ना?"

"कळतं की. परवा चहा सांडला तर केवढ्याने ओरडले."

"कुठे सांडला?"

"हातावर."

"मी पायाचं विचारतेय गं."

"पायावर चहा सांडायला मी काय डोक्यावर उभी राहून पिते?"

तिघंही हसले. मुलीने चष्म्यांची जोडी खिळ्याला टांगली, आणि प्रश्न तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं. खुर्चीत बायको, समोर स्टुलावर पेटी, मध्ये एक हात अंतर. मुलीने स्वतः मोजलं.

दहा मिनिटं

ती गेल्यावरही मास्तरांनी तीन आठवडे कागदाबाहेर पाऊल टाकलं नाही. चष्म्याचं तेवढं सोडून. डार्करूममध्ये लाल दिव्याला कोण चष्मा लावतं? पेटी बंद केल्यावर पांढरी भिंत अर्धा तास हिरवट दिसायची, तेही त्यांना नवीन नव्हतं.

चौथ्या आठवड्यात बायको हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठली. उठली, चार पावलं गेली, आणि मग स्वतःच चकित होऊन मागे पाहिलं.

"अहो, पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग असे काय बघताय, जसं काही मीच निगेटिव्हमधून बाहेर आलेय?"

गुडघ्यांचं काम झालं होतं. राहिलं होतं ते पाऊल. उजव्या पावलावर, कुरुपाच्या पट्टीच्या शेजारी, चपलेच्या पट्ट्याने एक ओरखडा पडला होता. महिना झाला तरी तो मिटत नव्हता. पाऊल नेहमी गार असायचं. मास्तर रात्री त्याच्यावर आपला तळवा ठेवत. ती म्हणे, हात ठेवलाय का? आणि ते म्हणत, हो.

गुडघ्यात शिरतो तो उजेड पावलात का शिरणार नाही? 'फक्त गुडघे' हे मुलीने सावधपणापोटी लिहिलं असणार. ती पोर तशीच. लहानपणी पाण्याच्या पेल्यातसुद्धा बोट बुडवून बघायची.

त्यांनी तिला फोन केला नाही. केला असता तर तिने नाही म्हटलं असतं, आणि पुन्हा तोच विषय निघाला असता: आता तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. घर बंद करा. एन्लार्जर विकून टाका.

पहिल्या दिवशी पावलाला पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दहा.

वीस मिनिटं

फोटो छापण्याआधी एक पट्टी काढतात. कागदाचा एक तुकडा कापायचा आणि त्याचा एकेक भाग उघडा करत जायचं. पाच सेकंद, दहा, वीस, चाळीस. दर वेळी दुप्पट. मग ती पट्टी डेव्हलपरच्या रसायनात टाकायची आणि बघायचं, कुठला भाग खरा दिसतो. फिका आला तर वेळ वाढवायची. मास्तरांनी अशा हजारो पट्ट्या काढल्या होत्या. त्यांचा हात विचार न करताच दुप्पट करायचा.

अंतराचंही तसंच. एन्लार्जर अर्ध्या उंचीवर आणला की उजेड चौपट होतो. ते त्यांना मुलीने शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पेटी जवळ ओढली, हाताच्या अंतरावरून वीतभर अंतरावर.

"अहो, माझं पाऊल काय पासपोर्टसाठी बसलंय?" बायको म्हणाली. पाऊल उशीवर, हातात विणकाम.

"हलू नकोस."

"जन्मभर लोकांना हेच सांगत आलात. मी मेले की मलाही सांगाल."

"तेव्हा सांगावं लागणार नाही."

"किती वेळ राहिला?"

"आठशे आणि."

ती हसली. तिला त्यांचं हे मोजणं ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती डार्करूमच्या दाराबाहेर उभी राहून आतलं 'आणि, आणि' ऐकायची आणि भाजी परतायची. त्यांच्या मोजण्यावर तिची फोडणी कधी करपली नव्हती.

वीस मिनिटांनंतर त्यांनी पाऊल पाहिलं. फिकं. त्यांच्या डोळ्यांना फिकं.

चाळीस मिनिटं

चाळीस मिनिटांनंतर पाऊल गुलाबी दिसलं.

तबकात तरंगणाऱ्या कोऱ्या कागदावर आधी केसांची रेघ येते, मग भुवया, मग अख्खा माणूस वर येतो. चाळीस वर्षं रोज बघूनही त्या क्षणाला मास्तरांचा श्वास अडकायचा. आता तसाच अडकला. त्यांनी तळवा ठेवून पाहिला. पाऊल उबदार होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"रक्त आलं," ते म्हणाले. "गरम लागतंय?"

"छान वाटतंय," बायको म्हणाली.

तिला काहीच वाटत नव्हतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, की तिला तसं म्हणावंसं वाटलं.

सलग तीन दुपारी चाळीस मिनिटं. वीतभर अंतर. एक दिवसाआड नाही, रोज.

चौथ्या सकाळी तिचा मोजा ओला होता. मास्तरांनी तो हळूच सोलला. पावलाच्या वरच्या बाजूला दोन मोठे फोड होते, एक फुटलेला. धाकट्या दोन बोटांची कातडी काळपट पडली होती. गोल पट्टी तेवढी तशीच चिकटलेली.

"दुखतंय?"

"नाही." मग ती बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तशी. "अहो, दुखायला हवं होतं ना?"



दोन दिवस त्यांनी मलम लावलं. दोन दिवस मुलीचा फोन आला की बायको म्हणायची, सगळं मजेत, तुझे बाबा पेपर वाचतायत. मास्तर समोर बसलेले असत आणि त्यांच्या हातात पेपर नसे. तिसऱ्या दिवशी काळपटपणा वाढला आणि ते तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन आले.

दहा मिनिटं (असं सांगितलं)

सर्जन तरुण होता, थकलेला, पण घाई न करणारा. त्याने पाऊल हातात घेतलं, बोटांनी नाडी शोधली, मग जेल लावून नाडी ऐकवणारं एक छोटं यंत्र टेकवलं. सुजेखालून पुसट खरखर आली.

"साखर किती वर्षं?"

"अठरा," बायको म्हणाली.

"भाजलंय का कुठे? गरम पाण्याची पिशवी, हीटर, असं काही?"

"नाही," ती लगेच म्हणाली. तिने मास्तरांकडे पाहिलंही नाही. ती त्यांना वाचवत होती आणि मास्तरांना ते कळत होतं.

"एक दिवा होता," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं आता आपण सगळं सांगणार. "लाल उजेडाचा. मुलीने आणलेला."

"किती वेळ लावलात? किती लांबून?"

चाळीस वर्षांत त्यांनी कधी एका सेकंदाची चूक केली नव्हती. लोक म्हणत, मास्तरांच्या छातीत घड्याळ आहे.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "एक हात अंतरावरून. तिने सांगितलं तसं."

सर्जनने मान हलवली. "तेवढ्याने असं होत नाही. म्हणजे रक्तच पोचत नाहीये बोटांकडे. ही दोन काढावी लागतील. थांबलो तर उद्या पाऊल जाईल." त्याने फाइलमध्ये लिहिलं. मास्तरांना उलट्या बाजूने वाचायची सवय होती. काचेवरची अक्षरं ते जन्मभर तशीच वाचत आले होते. 'मुलीने आणलेला लाल दिवा, दहा मि., योग्य अंतर. दिवा हे कारण नाही.' खाली ऑपरेशनची वेळ, परवा सकाळी.

संध्याकाळी मुलगी आली. पिशवी खाली न ठेवताच तिने आईचा पाय पाहिला, फाइल वाचली, आणि व्हरांड्यात येऊन बाकावर बसली.

"बाबा, खरंच दहाच मिनिटं?"

"हो."

"आणि एक हात?"

"हो."

"रोज मी तिथे लोकांना लावते. म्हातारी माणसं येतात. मी त्यांना सांगते, घाबरू नका, मी घड्याळ लावलंय." तिने आपले तळवे मांडीवर उपडे ठेवले. "दहा मिनिटांत हे होत असेल तर मी किती जणांना... उद्या सकाळी आमच्या दवाखान्याच्या बाईंना फोन करते. सगळं बंद करा म्हणते. आणि हे काम मी सोडते."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना, दिव्याचं कारण नाही."

"डॉक्टरांनी दिवा पाहिलेला नाही. मी आणला, मी लावून दिला. फाइलमध्ये 'मुलीने आणलेला' असं लिहिलंय."

मास्तर तिच्या शेजारी बसून राहिले. एका आकड्याने सगळं धरून ठेवलं होतं. तो खरा सांगितला तर ती सुटत होती आणि ते सापडत होते. तेव्हा त्यांना एवढंच दिसत होतं. बोटं वाचण्याशी त्या आकड्याचा काही संबंध आहे, हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

पट्टीखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंग बदलायला आली. बोलकी बाई. "आजी, कालपासून या पायाने तुम्ही काय फुटबॉल खेळलात की काय, बँडेज एवढं सैल?"

"रेफरी झोपला होता," बायको मास्तरांकडे बोट दाखवत म्हणाली.

"आणि ही गोल पट्टी कधीची? काढते हं. ऑपरेशनआधी सगळं स्वच्छ पाहिजे."

तिने पट्टीची कड नखाने उचलली आणि ओढली.

आत पांढरा गोल होता. स्वच्छ, कोरडा, रेखलेला. बाहेर लाल, काळपट, सोललेली कातडी, आणि मध्ये ती नाण्याएवढी जागा, जिला काहीसुद्धा झालं नव्हतं. कड इतकी तीक्ष्ण, की कंपासने काढल्यासारखी.

मास्तर उभे राहिले.

नाण्याची गोष्ट अशी. लाल दिवा सुरक्षित आहे का हे नुसतं बघून कळत नाही. कोरा कागद त्याच्याखाली ठेवायचा आणि कागदावर एक नाणं. मग थांबायचं. पाच मिनिटं, दहा, वीस, चाळीस. नाणं उचलायचं आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. कागद पांढराच राहिला तर ठीक. पण राखाडी कागदावर नाण्याचा पांढरा गोल उमटला, तर समजायचं, की दिव्याने कागद खाल्ला. नाण्याखालचा तेवढा वाचला. लाल दिवासुद्धा फक्त काही वेळापुरताच आपला असतो. त्या वेळेपुढे तोही जाळतो, सावकाश, आवाज न करता. शिकायला येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी ते हे सांगत आणि डबीतलं नाणं काढून दाखवत.

"सिस्टर," ते म्हणाले. "त्या डॉक्टरांना बोलवा."

"राउंडला येतील साडेदहाला."

"आत्ता बोलवा." मग आवाज खाली आणून, "कृपा करा."

सर्जन आला. मुलगी व्हरांड्यातून फोन हातात घेऊन आली. बाईंचा नंबर अजून लावलेला नव्हता. बायकोने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. "अहो, राहू द्या ना," ती हळूच म्हणाली.

"चाळीस मिनिटं," मास्तर म्हणाले. "वीतभर अंतरावरून. सलग तीन दिवस. त्याआधी वीस, त्याआधी दहा, त्याआधी पाच. तेही रोज. मुलीने लिहून दिलं होतं, पावलाला लावू नका. तिने लिहिलेलं मी एकही पाळलं नाही." त्यांनी पट्टीखालच्या गोलाकडे बोट केलं. "हे बघा. रक्त थांबून आतून आलेलं असतं तर ते पट्टीच्या कडेला असं येऊन थांबलं नसतं. आतल्याला पट्टी काय ठाऊक? हे बाहेरून आलंय. उजेडाने. मी हे ओळखतो. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं."

सर्जन वाकला. बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिला. मग त्याने पुन्हा जेल लावलं, यंत्र टेकवलं, जरा वर सरकवलं, जरा तिरपं केलं. रात्रभर पाय उंच ठेवल्याने सूज उतरली होती. आधी खरखर. मग त्या खरखरीतून, लांबून कुणीतरी दार लोटावं तसा आवाज. फस्. फस्. फस्.

"आहे," सर्जन म्हणाला. "पोचतंय." तो सरळ झाला. "ही कातडी भाजलेली आहे. काळं आहे ते फोडाचं वरचं साल असू शकतं. उद्याचं थांबवतो. दहा दिवस बघू." फाइलमधल्या एका ओळीवर त्याने काट मारली. मग मास्तरांकडे न बघता म्हणाला, "हे काल सांगायला हवं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," मास्तर म्हणाले.

मुलीने फोन खिशात ठेवला. ती बापाकडे पाहत होती. त्या नजरेत राग होता, सुटका होती, आणि आणखी काहीतरी होतं, जे मास्तरांना वाचता आलं नाही. सुलटं असूनही.

दहा मिनिटं, घड्याळ लावून

नवव्या दिवशी काळं साल निघालं. खाली ओली गुलाबी कातडी होती. दोन्ही बोटं राहिली. करंगळीचं नख गेलं ते पुन्हा आलं नाही. जखम पूर्ण मिटायला अकरा आठवडे लागले, आणि त्या अकरा आठवड्यांत रोज सकाळी ड्रेसिंग मास्तरांनी केलं. सिस्टरने शिकवलं तसं. एकही पायरी न गाळता, एकही न वाढवता.

मुलगी पहिले बारा दिवस घरी राहिली. आईशी बोलायची, बापाशी कामापुरतं. पाणी उकळलं का. कापूस कुठे आहे. एका दुपारी ती मागच्या खोलीत गेली. मास्तर मागोमाग गेले, पण उंबऱ्याशीच थांबले.

ती खिळ्यावरचे चष्मे काढून बघत होती. काचेवरचा पापुद्रा तिने नखाने सोलला. चर्र असा आवाज झाला.

"उघडलेसुद्धा नाहीत."

"नाही."

"तुमचे डोळे?"

"दाखवून आलो. ठीक आहेत म्हणाले. पुढच्या वेळी नशिबावर टाकू नका म्हणाले."

तिने दुसऱ्या चष्म्याचाही पापुद्रा सोलला. मास्तरांना वाटलं, आता ती पेटी उचलून पिशवीत टाकणार.

"नेतेस?"

"नाही. आईच्या गुडघ्यांना तिचा उपयोग होतो, ते खोटं नाही. पाऊल पूर्ण भरलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पुन्हा. फक्त गुडघे." ती थांबली. "ते नाण्याचं काय म्हणालात दवाखान्यात? मला कधी दाखवलं नाहीत."

"तू शिकायला कुठे आलीस?"

"तुम्ही बोलावलंत कुठे?"

मास्तरांनी दार लावलं, फट कापडाने बुजवली, जुना लाल दिवा लावला. कागदांच्या शेवटच्या डब्यातला एक कागद काढला. डबीतलं नाणं त्यावर ठेवलं. "आता थांबायचं," ते म्हणाले. दोघं थांबले. ते मोजत होते. थोड्या वेळाने तीही मोजू लागली, पण तिचा 'आणि' जरा लवकर यायचा, आणि मास्तर तिच्यासाठी आपला लांबवत नव्हते. चाळीस मिनिटांनी त्यांनी नाणं उचललं. कागद कोराच दिसत होता. डेव्हलपरमध्ये सोडल्यावर तो हळूहळू राखाडी झाला, आणि मध्ये पांढरा गोल राहिला.

मुलगी वाकून पाहत होती. लाल उजेडात तिचा चेहरा लहान दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली. "आईच्या पायाला गरम कळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

बाहेरच्या खोलीतून, पाय उंच ठेवून बसलेल्या आईचा आवाज आला. त्या घराच्या भिंती पातळ होत्या. "त्यांना कुठून माहीत असणार? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ओरडायचं असेल तर मला ओरड."

मास्तरांनी कागद चिमट्याने उचलला, निथळू दिला, आणि फिक्सरच्या तबकात सोडला. मुलीने पुन्हा विचारलं नाही.

तो कागद आता भिंतीवर, तिच्या नियमांच्या शेजारी आहे. पेटी सुरू करायच्या आधी मास्तर दोन्ही वाचतात. चष्मा लावतात, बायकोलाही लावतात. हात लांब करून अंतर मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत. पावलांवर जाड टॉवेल टाकतात. घड्याळ लावतात. मग बायको आपला तळवा गुडघ्यावर ठेवते, आणि ते दर दोन मिनिटांनी विचारतात, गरम लागतंय का. ती सांगते. दहा मिनिटांनी घड्याळ वाजतं आणि ते बंद करतात, बोलणं अर्धं राहिलं असलं तरी.

रस्त्यात राहिलेली बायकोची ती चप्पल मागून उचलून आणणारे मास्तरच होते. मुलगी पेटी घेऊन आली, त्याच्या तीन आठवडे आधी.